‘धडधाकट गाईची तपासणी कशाला?’ या संदेशाला उत्तर

इंदूरमध्ये घरोघर दुधाचा रतीब घेणाऱ्या मराठी कुटुंबांत सध्या एक संदेश फिरत आहे. गाय चरते, दूध देते, म्हणजे ती निरोगीच; ब्रुसेलोसिसची (गाईंना गाभडवणाऱ्या व माणसालाही होणाऱ्या जंतुरोगाची) तपासणी हा निव्वळ भुर्दंड; मालवी गाईला हा रोग होत नाही; दूध उकळले की प्रश्न मिटतो; आणि लस दिल्यावर तपासणी उरतच नाही, असा त्याचा मजकूर आहे.

यातले पहिले विधान सर्वांत घातक आहे. ब्रुसेला अबॉर्टस हा जंतू गाभण गाईच्या गर्भाशयात आणि वारेत (गर्भाला पोसणाऱ्या, विल्यावर बाहेर पडणाऱ्या भागात) वाढतो व गाय बहुधा गाभणकाळाच्या उत्तरार्धात गाभडते. परंतु एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेतांना बऱ्याचदा सुरळीत विते, भरपूर दूध देते आणि त्याच दुधातून व विताना जाणाऱ्या स्रावातून जंतू सोडत राहते. संदेश जिला निरोगी ठरवतो, तीच गोठ्यात रोग टिकवून धरू शकते.

भुर्दंडाविषयी बोलायचे, तर पहिल्या चाळणीसाठी प्रत्येक गाईचे रक्त काढावे लागत नाही. गोठ्याच्या एकत्रित दुधाच्या नमुन्यात रंगवलेले मृत जंतू मिसळून तो तासभर ३७ अंशांवर ठेवतात. दुधात प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध गाईच्या शरीराने तयार केलेली प्रथिने) असतील, तर वर आलेल्या सायीवर निळे कडे दिसते. या चाचणीला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. चीक किंवा कासदाहाचे दूध मिसळले असेल, तर ती खोटा इशारा देते आणि मोठ्या गोठ्यात एखाद्याच बाधित गाईचे दूध इतके विरळ होते की खूण हुकू शकते. भाकड गाई, कालवडी आणि वळू तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा करतात आणि संशय आला की रक्तजलाची (रक्तातल्या द्रवाची) तपासणी करतात. नव्याने विकत आणलेली गाय मात्र वेगळी बांधून दोनदा तपासावी, कारण नुकत्याच झालेल्या संसर्गात पहिला अहवाल नकारात्मक येऊ शकतो.

मालवी गाय काटक आहे, पण या रोगापासून कोणतीही जात मुक्त नाही.

उकळण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो दूध पिणाऱ्यापुरता. उघड्या हातांनी वार काढणाऱ्या गवळ्याला आणि पशुवैद्यकाला जंतू त्वचेवरच्या ओरखड्यातून गाठतो आणि महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप व सांधेदुखी मागे लावतो. त्याच्या कामी उकळलेले दूध काय येणार?

राहिली लस. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच देतात. ती वासरे विण्याच्या वयाला येईपर्यंत आज दूध देणाऱ्या गाई तशाच बाधित राहतात. शिवाय मध्य प्रदेशात गोवंशहत्येला बंदी असल्यामुळे, अनेक देशांनी वापरलेला ‘तपासा आणि कापा’ हा मार्ग आपल्याला उपलब्ध नाही. बाधित गाय वेगळी बांधणे, तिचे विणे निराळ्या जागी करणे आणि वार चुन्यासह खोल पुरणे एवढेच हाती आहे, आणि त्यासाठी ती गाय कोणती हे आधी कळावे लागते.