साथीच्या कायद्याखाली सुखानं कसं राहावं?

पासपोर्टच्या नूतनीकरणाला टाकलं आणि पोलीस पडताळणीत कळलं की मी गुन्हेगार आहे. एप्रिल 2020, सकाळची वेळ, हातात दुधाची पिशवी, दंड संहितेचं कलम 188, म्हणजे सरकारी हुकूम मोडला. साथीच्या कायद्याखालचा हुकूम मोडला की हेच कलम लागायचं. तेव्हापासून माझा अभ्यास बराच वाढलाय. तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी कायद्याच्या वयाचा मान ठेवायला शिका. साथरोग अधिनियम 4 फेब्रुवारी 1897 चा. मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि साहेबानं घाईघाईत चार कलमं लिहून काढली. पुणेकरांनी तर त्याला जास्तच जपावं. याच कायद्याच्या जोरावर रँडचे सोजीर बुटांसकट देवघरापर्यंत गेले. 22 जूनला गणेशखिंडीत पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. आपण चापेकरांच्या नावाचा चौक केला, आणि रँडचा कायदा कपाटात नीट घडी घालून ठेवला.

‘धोकादायक साथीचा रोग’ कशाला म्हणायचं, हे कायद्यात शोधू नका. नाहीये.

कलम 4 मनावर घेऊ नका. सद्हेतूनं केलेल्या कशाबद्दलही अधिकाऱ्यावर दावा लागत नाही. दूध आणण्याचा हेतू त्यात मोडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शांत राहा. ठाण्यात सांगतील कोर्टात जा, कोर्टात सांगतील ठाण्यातून कागद आणा. लॉकडाऊनचे 188 चे गुन्हे मागे घेणार असं 2022 मध्ये जाहीर झालं होतं ना, असं हसतमुखानं विचारा. ‘आमच्याकडे तसं काही आलं नाही.’ मग अदबीनं म्हणा, साहेब, 188 ला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. शिक्षा फार तर सहा महिने, म्हणजे दखल वर्षाच्या आत घ्यायला हवी होती. तक्रार कुठाय? दखल कुठाय? काहीही नाही! नुसती संगणकात नोंद, आणि ती काढायचा अधिकार कुणाला ते कुणालाच ठाऊक नाही. बरं, हजार रुपये दंड आहे ना, भरतो म्हटलं, तर तोही घेत नाहीत. मग कशासाठी धरलंय मला? समोरचा चहा पीत म्हणतो, ‘काका, वकील करा.’

आणि 188 गेलं म्हणून पेढे वाटू नका. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली, आणि त्याच्या जागी तिचं कलम 223 आलंय. वरची मर्यादा एक वर्ष आणि पाच हजार.

बास झालं सल्ला देणं. दीड हजारांहून जास्त जुने कायदे रद्द केले म्हणून सरकार छाती फुगवतं. 2023 मध्ये काय काढलं? खाणींसाठीच्या भूसंपादनाचा 1885 चा कायदा आणि तारखात्याच्या तारा बेकायदा बाळगण्याचा 1950 चा. देशातली तारसेवाच 2013 मध्ये बंद झाली होती! ज्यांचा कुणाला काडीचा त्रास नव्हता ते काढले, आणि लाठी चालवणारा तेवढा ठेवला. 2020 मध्ये हाच कायदा संसदेत उघडला होता. डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा घातली, चांगलं केलं. मग बाकीचं तेव्हाच का नाही लिहिलं? फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगानंही 286 व्या अहवालात सांगितलं, हा कायदा पुरेसा नाही, नीट सुधारा किंवा नवा करा. साथ कुणी जाहीर करायची, ती किती दिवस चालायची, विधिमंडळापुढे कधी आणायची, रस्त्यात मार खाल्लेल्यानं दाद कुठं मागायची, एवढं लिहायला अजून किती साथी हव्यात?

आणि तुम्हीही हसू नका. गॅलरीत थाळ्या बडवून झाल्यावर उठाबशा काढणाऱ्या माणसांचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर कोण टाकत होतं? ‘असंच पाहिजे यांना’ कोण लिहीत होतं? खासदार तुमच्याकडच्या लग्नाला येतोच. फोटो काढून झाला की त्याला बाजूला घ्या आणि विचारा, 286 वा अहवाल वाचला का म्हणून.