साहित्य महोत्सव भरवताय? मग एवढं कराच

अभिनंदन! तुमच्या तालुक्यात साहित्य महोत्सव ठरला आणि तुम्हाला स्वागत समितीत घेतलं. नाही म्हणायची सोय नाही, कारण पत्रिका छापून आल्यावरच तुम्हाला ते कळलं असणार. आता निभावून न्या.

खान्देशात या कामाची परंपरा मोठी. ती सगळी प्रास्ताविकात आलीच पाहिजे. जळगाव 1936, धुळे 1944, अमळनेर 1952, पुन्हा जळगाव 1984, पुन्हा अमळनेर 2024. अखिल भारतीय संमेलनांची ही यादी अध्यक्षांच्या नावांसकट सावकाश वाचली की अर्धा तास कुठे जात नाही. तोवर उद्घाटक भाऊंची गाडी फाट्यापर्यंत आलेली असते. भाऊ व्यासपीठावर बसले की प्रास्ताविक पुन्हा पहिल्यापासून करा. त्यांनी ऐकलं नाही तर ते झालं असं कोण म्हणेल?

विषय, वक्ते, पुस्तकं हे नंतर. आधी व्यासपीठाची लांबी मोजा. त्यावर पतसंस्थेचे चेअरमन (ठेवीदारांचे पैसे अडकले असतील, पण साहित्यावरचं प्रेम मोकळं आहे), माजी सभापती, भावी सभापती, मंडपवाल्याचे मोठे भाऊ आणि ज्यांना न बोलावल्यास पुढच्या वर्षी वेगळा महोत्सव निघेल असे दोघे, एवढे बसायला हवेत. लेखकाला कडेची खुर्ची द्या, समईच्या मागची. म्हणजे फोटोत त्याची निदान एक बाही येते. सत्काराच्या शाली मोजून आणू नका, कारण नावं ऐनवेळी वाढतात. अनुभवी समित्या यावर एक युक्ती करतात. पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्याच माणसांचा सत्कार आधी उरकायचा, त्यांच्या शाली मागच्या पडद्याआडून परत घ्यायच्या, घडी घालायची आणि पुढच्याच्या खांद्यावर टाकायच्या. फक्त घडीत किमतीची चिठ्ठी राहिली नाही ना, तेवढं बघा.

पुण्याहून येणाऱ्या लेखकाला आणायला पुतण्याला पाठवा. पुतण्याने लेखकाचं काहीही वाचलेलं नसावं, म्हणजे वाटेत वाद होत नाही. पाहुणा भुसावळला उतरला आणि जळगावकडे येताना त्याने भादली कुठे म्हणून विचारलं, तर पुतण्याने गाडीचा आवाज वाढवावा. 1918 साली बालकवी तिथे रेल्वेखाली गेले, हे सांगत बसलात तर पाहुणा गाडी थांबवायला लावील आणि ग्रंथदिंडीला उशीर होईल.

बालकवींचा विषय निघालाच आहे तर 1907 ची चूक टाळा. त्या वर्षी जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या एका पोराने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी भर सभेत त्याला ‘बालकवी’ ही पदवी देऊन टाकली. ना फॉर्म, ना शिफारस, ना दोन फोटो! आपल्याकडे असं चालायचं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी कविकट्टा आहे, मंडपाच्या पलीकडे, जनरेटरशेजारी. प्रत्येकाला दोन मिनिटं आणि सगळ्यांना प्रमाणपत्र. कविता कशी होती ते कुणाला ऐकू येत नाही, म्हणून भेदभावही होत नाही.

मुलाखतकार निवडताना विशेष काळजी घ्या. कॉलेजातले सर उत्तम. त्यांनी पुस्तक वाचलेलं नसलं तरी स्वतःचे दोन संग्रह असावेत. पहिला प्रश्न ‘आपल्या लेखनप्रवासाविषयी सांगा’ हा. लेखक बालपणापर्यंत पोहोचला की सरांनी ‘यावरून मला माझीच एक कविता आठवते’ म्हणून सुरुवात करावी. मग श्रोत्यांचे प्रश्न. माईक नेहमी तिसऱ्या रांगेतल्या तात्यांकडेच जातो. ‘माझा प्रश्न नाही, दोन शब्द बोलायचे आहेत,’ असं ते म्हणाले की चहावाल्याला खूण करा. एखाद्या मुलीने खरोखर पुस्तकातल्या पात्राबद्दल विचारलं, तर ‘वेळेअभावी’ हा शब्द आहेच.

बोलीभाषेचं सत्र हवंच. विषय ठरलेला: ‘अहिराणी: दशा आणि दिशा’. वेळ जेवणानंतरची, भाषा शुद्ध प्रमाण मराठी. वक्त्यांपैकी कुणी चुकून अहिराणीत बोलू लागलं तर लोक टाळ्या वाजवतात, हसतात आणि सत्राचं गांभीर्य जातं. चर्चा थंडावली तर बहिणाबाईंची भाषा अहिराणी की लेवा गणबोली, एवढं विचारून बाजूला व्हा. धुळ्याकडचे आणि यावल-रावेरकडचे पुढचं बघून घेतील.

बाकी बहिणाबाईंसारखी सोयीची कवयित्री नाही. 1951 साली गेल्या, संग्रह 1952 मध्ये आला, त्यामुळे मानधन, प्रवासखर्च, मानापमान, काही नाही. फ्लेक्सवर त्या, त्यांच्या दुप्पट आकाराचे प्रायोजक. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या, हे उद्घाटकांच्या भाषणात येऊ द्या. मंडपाबाहेर भाकरी थापणाऱ्या बाया काय गुणगुणतात तिकडे मात्र कुणी फिरकू नये. त्यांना वाढपाची घाई असते.

भरितावर कंजुषी नको. सगळा महोत्सव त्यावर तरतो. बामणोदची वांगी, पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मंडपात एक वाजता परिसंवादाला मोजकी डोकी असली तरी चुलीपाशी गर्दी जमते. वांगी सोलणारी पोरं तिथे आपसात बोलत असतात:

“मिरची जास्ती व्हयनी रे भो.”

“व्हऊ दे. पाव्हना पुनाना शे, पानी पी-पीसन भाषण करी.”

हे वर व्यासपीठावर ऐकू जात नाही, हे बरंच आहे. त्या वेळी तिथे बोलीभाषा वाचवण्याचा ठराव चाललेला असतो.

पुस्तकांचे स्टॉल स्वच्छतागृहाच्या वाटेवर ठेवा, वर्दळ राहते.

आणि बातमी आदल्या रात्रीच लिहून ठेवा. ‘रसिकांचा उदंड प्रतिसाद’ हे शीर्षक, खाली उद्घाटक, चेअरमन, दोन्ही सभापती आणि समितीतले सगळे, आडनावानुसार नको, पोचलेल्या वर्गणीनुसार. जागा कमी पडली तर लेखकाचं नाव काढा. ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ यात तो बसतो.