पिल्लांना ताक पाजलं की हगवण होत नाही, हे खरं नाही

वराहपालकांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: "पिल्लांना रोज ताक पाजा. पोटातले वाईट जिवाणू मरतात, कुठलीच हगवण होत नाही, लसीचा खर्च वाचतो." या भरवशावर अख्खं वेत हातचं जाऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

"ताक म्हणजेच प्रोबायोटिक." प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला उपकारक असे जिवंत जिवाणू. विरजणातले बरेच जिवाणू जठरातल्या आम्लात आणि पित्तात तग धरत नाहीत, शिवाय ताकातली त्यांची संख्या रोज वेगळी. पिल्लांच्या खाद्यात बहुधा बॅसिलस सबटिलिस आणि लायकेनिफॉर्मिस या जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं कठीण कवचातलं, सुप्त रूप) वापरतात, किलोमागे साधारण १२८ कोटी. पुडीच्या एका ग्रॅममध्ये ३२० कोटी असतील, तर ५० किलो खाद्याला २० ग्रॅम पुरतात. मात्र ही पूड एकदम ५० किलोत टाकली की एका पिल्लाला भरपूर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं. आधी १ किलोत, मग ५ किलोत, मग सगळ्यात कालवा. बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाची उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यात असतात तसे जिवाणू, सहसा सोसत नाहीत, आणि क्लोरीनच्या पाण्यातही मरतात.

"वाईट जिवाणू मरतात." प्रोबायोटिकचं मुख्य काम मारणं नव्हे, जागा आणि अन्न आधी बळकावणं. ई. कोलाय या हगवणीच्या जिवाणूचा एफ-४ प्रकार आतड्याला चिकटून विष सोडू लागला की उशीर झालेला असतो. त्यामुळे दूध तोडण्याआधी ७ ते १० दिवस सुरुवात करा आणि नंतर २-३ आठवडे चालू ठेवा. हगवण लागलीच, तर आधी ओआरएस. सोबत प्रतिजैविक दिलं तर प्रोबायोटिकही वाया जाऊ शकतं.

"लस नको." सगळ्यांत घातक वाक्य हेच. पिल्लू जन्मतः जवळपास प्रतिपिंडांशिवाय, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांशिवाय येतं. ते मिळतात चिकातून, आणि २४ ते ३६ तासांत आतडं ते शोषणं थांबवतं. पहिल्या ६ तासांत प्रत्येक पिल्लू सडाला लागलंच पाहिजे. चिकात प्रतिपिंडं भरपूर यावीत म्हणून मादीला विण्याआधी साधारण ५ आणि २ आठवड्यांवर ई. कोलायची लस देतात. ताक ही उणीव भरत नाही.

"कुठलीच हगवण होत नाही." वय पाहा. पहिल्या ३ दिवसांत रक्ताळ हगवण असेल तर क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा संशय. पशुवैद्यक त्याच दिवशी हवा. ७ ते १४ दिवसांची पिल्लं पिवळट, लोण्यासारखं हगत असतील तर बहुधा कॉक्सिडिया, आणि तो जिवाणूच नाही, एकपेशीय परजीवी आहे. दूध तोडल्यानंतरच्या पाण्यासारख्या हगवणीत खाद्यातली प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास आणा, कारण न पचलेल्या प्रथिनांवर ई. कोलाय पोसतो. युरोपीय संघात या हगवणीवर खाद्यातून दिला जाणारा औषधी मात्रेतला झिंक ऑक्साइड जून २०२२ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथेही नुसत्या प्रोबायोटिकवर भागलं नाही. प्रथिनं, स्वच्छता आणि दूध तोडण्याचं वय, सगळ्यांकडे पाहावं लागलं.