‘ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, मग हे कशाला?’: शिरोलीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं, की वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९६ येतात, मग कार्बन डायऑक्साइडची भीती घालून डॉक्टर तो कातडीवरून मोजणारं नवीन मशीन गळ्यात मारतायत आणि आम्ही ब्लॉगवाले त्यांना सामील. शिवाय वडिलांनी आयुष्यात बिडी ओढली नाही, तर सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) कसा?

शेवटचं आधी. गुऱ्हाळावर चुलवाणासमोर धुरात हंगामांमागून हंगाम काढलेल्या माणसाला बिडीची गरज नसते.

आता ते ९६. सीओपीडीत ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो, त्यांना बाहेरून ऑक्सिजन देताना ८८ ते ९२ वरच थांबतात. तुम्ही कॉन्सन्ट्रेटर (घरचं ऑक्सिजन देणारं यंत्र) वाढवून ९६ केलेत. ऑक्सिमीटर खूश, पण कार्बन डायऑक्साइडचा त्याला पत्ताच नाही. सकाळी उठल्या उठल्या वडिलांचं डोकं दुखतं, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागतात, हे तुम्हीच लिहिलंय. मला खटकतंय ते हेच, कारण कार्बन डायऑक्साइड साठला की असं होऊ शकतं. म्हणून ऑक्सिजन एकदम बंद मात्र करू नका. किती ठेवायचा ते डॉक्टरांना आजच विचारा.

पक्की तपासणी एबीजीच, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू मोजणं. कार्बन डायऑक्साइड नॉर्मल ३५ ते ४५ (मिलिमीटर पारा). पण ती सुई फार दुखते, आणि आकडा त्या घटकेचा. हा वायू जास्त चढतो तो झोपेत. रात्रभर कोण टोचून घेणार?

तिथे ते मशीन कामाला येतं. कानाच्या पाळीला किंवा छातीला बटणाएवढा सेन्सर चिकटवतात. तो ४२ अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे खालचा रक्तपुरवठा वाढतो आणि वायू कातडीतून झिरपून सेन्सरपर्यंत येतो. आकडा मिनिट-दोन मिनिटं मागे असतो, आणि जागा बदलली नाही तर चटका बसतो. सुरुवातीला एबीजीशी ताडून घ्यायचा, मग बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) लावल्यावर कार्बन डायऑक्साइडची रेषा रात्रभर खाली येतेय का ते बघायचं. नाकातल्या नळीने उच्छ्वास मोजणारं यंत्रही असतं, पण सीओपीडीत त्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो. वॉर्डात एवढ्यावर मी तरी विसंबणार नाही.

हे सगळं दवाखान्याचं काम. घरी घ्या असं मी म्हटलं नव्हतं, घेऊही नका.

आणि तुम्ही ऑनलाइन मागवलेला ‘सीओटू मीटर’? तो खोलीतली हवा मोजतो, वडिलांचं रक्त नव्हे. परत घेत असतील तर देऊन टाका.