जुनी म्हणून महाग? मॉडेल टी आणि मस्टँगबद्दलचा गैरसमज

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांत एक सल्ला सतत फिरतो: "फोर्डचीच मॉडेल टी आणि १९६५ ची मस्टँग यांतून निवडायचं तर टी घ्या. ती जास्त जुनी, म्हणून दुर्मिळ आणि महाग. अस्सल टी काळीच असते. ती नुसती मांडून ठेवायची. चालवायला मस्टँग, ती आजच्या गाडीसारखीच." नवखा माणूस यावर विसंबून पैसे घालतो, म्हणून हे खोडणं मला गरजेचं वाटतं.

आधी दुर्मिळपणा. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त टी बनल्या. १९६५ च्या मस्टँग सुमारे ६ लाख ८० हजार. विसाच्या दशकातली साधी टी आज सहसा चांगल्या मस्टँग कन्व्हर्टिबलपेक्षा (उघडणाऱ्या छताच्या गाडीपेक्षा) स्वस्तात मिळते. भाव वयाला नाही, प्रकाराला मिळतो. इंजिन थंड ठेवायला पाण्याचा पंप असलेल्या पहिल्या सुमारे अडीच हजार टी संग्राहक शोधत असतात. मस्टँगमध्ये तेच स्थान २७१ अश्वशक्तीच्या इंजिनाला आहे. कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकातलं (नंबर प्लेटवरच्या नव्हे) पाचवं अक्षर 'के' असेल तर ती गाडी त्या इंजिनासह कारखान्यातून निघाली. विकणारा काहीही सांगो, आधी ते अक्षर वाचा.

रंगाचं म्हणाल तर फक्त काळा रंग १९१४ ते १९२५ याच काळात होता. सुरुवातीला लाल, राखाडी, हिरव्या टी होत्या आणि १९२६ पासून रंग परत आले.

टी चालत नाही, हे तर मुळीच खरं नाही. ती शिकावी लागते, एवढंच. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की दुसरा. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखाली हाताशी. पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जातं, त्यामुळे टाकीत कमी असेल तर खडा चढ रिव्हर्समध्ये चढावा लागे. वीस अश्वशक्तीची ही गाडी ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने आजही जाते, आणि तिचे सुटे भाग नव्याने बनतात.

उलट मस्टँगला आजच्या गाडीसारखी समजणं धोक्याचं आहे. १९६५ मध्ये चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असत. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे देऊन मिळत. शिवाय १९६६ च्या मॉडेलपर्यंत ब्रेकचं सर्किट एकच होतं, म्हणजे एक नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. वेगळी चासी (बॉडीखालची स्वतंत्र चौकट) नसल्याने गंज लागला की गाडीचा सांगाडाच कमकुवत होतो. हा गंज बहुतेकदा काचेपुढच्या हवेच्या जाळीखाली लपलेला असतो. म्हणून पाहायला जाताना बाटलीभर पाणी न्या, त्या जाळीत ओता आणि आत पायाखालचा गालिचा ओला होतो का ते हात लावून पाहा.