मी राफ्टिंगला गेलो म्हणून नदीकाठ बांधायचा?

परवा शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. नदीकाठ सुधार. मुळा, मुठा आणि मुळामुठा मिळून 44 किलोमीटरचा काठ बांधून काढायचा, चालायला रस्ता, बसायला पायऱ्या वगैरे, आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्यात लोकांनी झाडांना मिठ्या मारून 'चलो चिपको' केलं तेव्हापासून आमच्या ग्रुपवर हे भांडण दर दोन महिन्यांनी संकष्टीसारखं येतं. मी सहसा बोलत नाही. पण या वेळी एका वर्गमित्राने माझाच फोटो टाकला. लाइफ जॅकेट, कोलोराडो नदी, तोंड उघडं. खाली लिहिलं, "साहेबांनी अडीच हजार डॉलर भरून नदीत खेळलं की ते संवर्धन, आणि आम्ही काठावर चार फरशा घातल्या की विनाश. अरे लोक नदीपाशी आले तरच नदीवर प्रेम करतील ना?" धडाधड अंगठे पडले, त्यात माझा मावसभाऊ पण.

डोकं फिरलं. कारण ती ट्रिप काय होती हे त्याला मीच सांगितलं होतं. ग्रँड कॅनियनमधली, लीज फेरी ते फँटम रँच, 88 मैल, सहा दिवस. फीमधला काही भाग फ्लॅगस्टाफच्या एका संस्थेला जात होता, जी वाळवंटातले झरे शोधून त्यांची नोंद ठेवते. सोबत त्यांची एक बाई होती, परवाना घेऊन आलेली, साठीच्या पुढची, आणि तिच्याकडे एक प्लास्टिकचा डबा, स्टॉपवॉच आणि पाण्यात बुडवून मोजायचं एक यंत्र. बास. बत्तिसाव्या मैलावर वेझीज पॅराडाइज लागतं, उभ्या लाल कड्यातून पाणी बाहेर पडतंय आणि खाली हिरवं गच्च, 1869 मध्ये या नदीतून मोहीम नेणाऱ्या पॉवेलने एका वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलेली जागा. सगळ्यांनी फोटो काढले. ती म्हणाली, हे सगळ्यांना माहीत आहे, आपण पुढच्या बिननावाच्याकडे थांबू.

तो बिननावाचा झरा म्हणजे खडकाची एक ओली चीर. त्यातून येणारी धार माझ्या करंगळीएवढी. तिने एक पन्हळ लावली, डबा धरला, मला म्हणाली वेळ लाव. डबा भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजलं आणि वहीत लिहिलं. मग तिने सांगितलं की वरच्या पठारावर बर्फ पडतं, वितळतं, जमिनीतल्या खळग्यांतून चुनखडीत उतरतं आणि शेकडो मीटर खाली असं कुठेतरी बाहेर येतं, काही ठिकाणी तर रंग टाकून बघितलाय, पाणी काही दिवसांतच खाली पोचतं. म्हणजे वर कोणी काय ओतलं, किती उपसलं, ते खाली या करंगळीत दिसतं. मोजलेलं नसेल तर ती बारीक झाली हे सांगणार कोण?

आणि हे मला ग्रुपवर लिहायचं होतं, की बाबांनो, नदीपाशी येणं म्हणजे हे. फरशी नव्हे. सोळा माणसांचा मैला आम्ही सहा दिवस बोटीवर डब्यात बांधून नेला, एक कण किनाऱ्यावर सोडला नाही (लघवी मात्र थेट नदीत करायची, तसा नियमच आहे, पहिल्या दिवशी मला जमेना), आणि तुमच्याकडे नाल्यांतून मैलापाणी सरळ मुठेत येतंय आणि तुम्ही त्याच्या कडेला बाकडी टाकताय. लिहिलं पण हे. लगेच उत्तर आलं, "सोळा माणसं रे. आम्ही लाखांत आहोत." बरोबर आहे. तरी राग आला.

दुसऱ्याने लिहिलं, कोलाडला ये, हजार-दोन हजारात कुंडलिकेत राफ्टिंग करून देतो, कशाला अमेरिका. मी जरा तोऱ्यात लिहिणार होतो की अरे ते विजेसाठी धरणातून सकाळी सोडलेलं पाणी, त्यावर तासा-दोन तासांची गंमत, ती काय नदी झाली. टाईप करता करता थांबलो. कारण लीज फेरीच्या पंधरा मैल वर ग्लेन कॅनियन धरण आहे, आणि मी जे हाडं गोठवणारं पाणी अंगावर घेऊन किंचाळत होतो ते त्याच्याच जलाशयाच्या खोलातून सोडलेलं. अमेरिकन कोलाडच की. फक्त दगड जुने.

आता इथपर्यंत आलोच आहे तर पुढचं पण सांगतो. माझ्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात याच नदीचं पाणी असतं, 540 किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, पंपाने चढवून आणलेलं. त्यातलं थोडं मी दर ऑक्टोबरला अंगणात राय गवत पेरून त्यावर घालतो, नाहीतर एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्र येतं. सहाव्या दिवशी ब्राइट एंजल पायवाटेने वर चढताना हवासुपाई गार्डन्सला नळावर बाटली भरली, ते पाणी नदीपलीकडच्या रोअरिंग स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्याचं, साऱ्या साउथ रिमची, म्हणजे कॅनियनच्या दक्षिण काठाची, तहान त्याच्यावर. हवासुपाई गार्डन्सचं नाव 2022 पर्यंत इंडियन गार्डन होतं. तिथे शेती करणाऱ्या हवासुपाई लोकांपैकी शेवटच्या माणसाला 1928 मध्ये पार्कने बाहेर काढलं. पाटीवर वाचलं, पाणी प्यायलो, केळं खाल्लं. या देशात मी परवाना आणि पावती घेऊन सगळीकडे जाऊ शकतो.

पण ग्रुपवर मी नंतर गप्प बसलो ते याच्यामुळे नाही. त्या बिननावाच्या झऱ्यापाशी चिरेत हंसराज होता, ओल्या कपारीत येणारं नेचं. तोच, काळ्या दोऱ्यासारखा देठ आणि पंख्यासारखी पानं. ती बाई त्याचं लॅटिन नाव लिहीत होती आणि मला पुरंदरातल्या आजोळची विहीर दिसत होती, आत पायऱ्या, आणि पाण्याच्या वरच्या कपारीत हाच. आजी म्हणायची, तो हिरवा आहे तोवर उमाळा जिवंत आहे, खोकल्याला पण द्यायची. 2013 च्या दुष्काळात मामाचा फोन आला, बोअर घ्यायचंय. मी त्याच दिवशी पैसे पाठवले, तीनशे फुटांचे, आणि चार लोकांना सांगितलं की गावासाठी काहीतरी केलं. दोन उन्हाळ्यांत विहिरीचा उमाळा बंद झाला. आमच्याच बोअरने झाला असं म्हणत नाही, आजूबाजूला चार आधीच होती. पाचवं माझं. किती पाणी होतं, कधी कमी झालं, कोणी डबा लावून मोजलं नव्हतं.

मित्राला उत्तर दिलंच नाही शेवटी. काठ बांधायला माझा विरोध आहे तो आहेच, त्यात बदल नाही, पण त्या फोटोखाली तो मला मांडता येईना. त्याऐवजी मामाला फोन लावला, विचारलं विहिरीत हंसराज आहे का रे अजून. मामा हसला. म्हणाला, "वर जाळी टाकलीय, कोण वाकून बघतंय? श्रावणात ये, असला तर तेव्हा दिसंल." आणि मी लॅपटॉपवर डिसेंबरची तिकिटं उघडून बसलो होतो.