गुडघा त्याचा होता

आज सकाळी आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बास्केटबॉलपटू डेरिक रोझचा फोटो टाकला. खाली ओळ होती, "काचेचे गुडघे. डॉक्टर हो म्हणाले तरी भित्रा महिनोन् महिने सूट घालून बाकावर बसला." त्यावर आठ हसरे चेहरे. मी मोजले. त्यातल्या तिघी माझ्याबरोबर खेळल्यात, आणि तिघींनीही मला कुबड्यांवर चालताना पाहिलंय.

ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. चार ओळींत मावत नाही. म्हणून इथे लिहितेय.

रोझच्या खेळावर हवी तेवढी टीका करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण "भित्रा"?

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिकागोच्या एंगलवूड भागातला मुलगा. २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याच्याच शहराच्या बुल्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. २०११मध्ये, बावीस वर्षांचा असताना, एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. इतक्या लहान वयात तो मान एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, अजून दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. आणि त्याचा खेळ म्हणजे पूर्ण वेगात आत घुसायचं, एका पावलात दिशा बदलायची, उडी मारून हवेतच अंग वळवायचं आणि मिळेल त्या पायावर उतरायचं. त्या सगळ्याचा भार कुठे येतो हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

२८ एप्रिल २०१२. प्लेऑफ्सचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, पहिलाच सामना, समोर फिलाडेल्फिया. बुल्स १२ गुणांनी पुढे, दीड मिनिटसुद्धा उरलेलं नाही. रोझचे २३ गुण, ९ रिबाउंड (हुकलेले शॉट पकडणं), ९ असिस्ट (बास्केटसाठी दिलेले पास). तो आत शिरला, थांबला, उडाला आणि डावा गुडघा धरून खाली बसला. एसीएल गेलं, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला. त्या हंगामात पाठ, जांघ, घोटा, अंगठा अशा दुखण्यांमुळे तो ६६पैकी ३९ सामनेच खेळू शकला होता. असा खेळाडू, हातातला सामना, आणि तरी शेवटपर्यंत कोर्टवर! कोच टॉम थिबोडो यांना हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मला त्याचं उत्तर आजही पटत नाही.

माझाही डावाच गुडघा. लेअप, म्हणजे धावत जाऊन उडी मारत चेंडू बास्केटमध्ये टाकणं. त्यावरून उतरताना आतून "टक" असा आवाज आला, तो मला एकटीलाच नाही, बाजूच्या मुलींनाही ऐकू आला. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओ ताई म्हणाल्या, मांडी आवळ. मी आवळत होते आणि मांडी ऐकतच नव्हती. माझीच मांडी! मी तिच्याकडे बघत बसले आणि ढसाढसा रडले. दुखत होतं म्हणून नाही. ती माझी वाटतच नव्हती म्हणून.

आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, खेळायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी मी कोर्टवर. साधा उजव्या बाजूचा लेअप, म्हणजे उडी डाव्या पायावरून. मी धावत गेले आणि शेवटच्या पावलाला थांबले. परत गेले, परत थांबले. तिसऱ्यांदा चेंडू हातातून सुटून लांब गेला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर हो म्हणालेत ना? मग अडलंय कुठे? नाटकं पुरे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठे अडलंय हे मला माहीत असतं तर मी ते काढून टाकलं नसतं का?

मार्च २०१३मध्ये रोझचं नेमकं हेच झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली. तो संघाबरोबर सराव करत होता, सामन्याआधी शूटिंग करताना दिसत होता, आणि सामना सुरू झाला की सूट घालून बाकावर. लोक चवताळले. उदाहरण काय द्यायचे, तर इमान शंपर्टचं. न्यूयॉर्कच्या त्या पोराचंही एसीएल त्याच २८ एप्रिलला गेलं होतं आणि जानेवारीत तो परत खेळायला लागला होता. म्हणजे शंपर्टचा गुडघा हे रोझच्या गुडघ्याचं वेळापत्रक! मग प्लेऑफ्समधली ब्रुकलिनविरुद्धची मालिका आली. रोझचा सहकारी जोकीम नोआ तळपायाचं दुखणं घेऊन खेळतोय, लुओल डेंग हॉस्पिटलात, कर्क हाइनरिक पोटरीने बेजार, तरी बुल्स सातव्या सामन्यात जिंकले. आणि कॅमेरा फिरून फिरून बाकावरच्या रोझकडे.

त्याने "या हंगामात मी खेळणार नाही" असं एकदा स्पष्ट सांगून टाकायला हवं होतं, हे मान्य. सहकाऱ्यांचेही हाल झाले असतील. आणि पैसे मिळत होते, भरपूर मिळत होते, तेही मान्य. पण पैशाने गुडघ्यावरचा विश्वास परत येतो का?

"हरकत नाही" याचा अर्थ एवढाच की ग्राफ्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवलेला नवा अस्थिबंध, धरलाय, सूज नाही, मोजमापात दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी आलीये. उंच उडीवरून उतरताना तो पाय आपल्याला धरेल की नाही, हे कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. ते फक्त ज्याचा पाय आहे त्यालाच कळतं. आणि त्याला कळेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. मला याहून वेगळं काही सांगायचंच नाहीये, पण सकाळपासून डोकं इतकं तापलंय की लांबतंय.

पुढचं सांगते. नोव्हेंबर २०१३, परतल्यावरचा दहावा सामना, पोर्टलंड. कुणाचा धक्काही नाही, नुसती दिशा बदलताना उजवा गुडघा गेला. मेनिस्कस. म्हणजे गुडघ्यातली गादी. तो शिवला, म्हणून उरलेला हंगाम संपला. मेनिस्कस शिवला तर महिने जातात. फाटका तुकडा कापून काढला तर काही आठवड्यांत माणूस उभा राहतो, पण आतली गादी कायमची कमी होते. फेब्रुवारी २०१५मध्ये तोच परत फाटला. या वेळी कापून काढला आणि एप्रिलमध्ये तो कोर्टवर. मे महिन्यात क्लीव्हलंडविरुद्ध वेळ संपता संपता बोर्डावरून टाकलेला तो तीन गुणांचा बास्केट आठवतोय ना? सप्टेंबरमध्ये सरावाच्या पहिल्याच दिवशी कोपर लागून डोळ्याजवळचं हाड मोडलं. २०१७मध्ये न्यूयॉर्ककडून खेळताना डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस.

गुडघ्यांची चार ऑपरेशनं. चारही वेळा तो परत आला. भित्री माणसं अशी असतात?

२०१४मध्ये तो म्हणाला होता की मला पुढचंही बघायचंय, मुलाच्या पदवीदान समारंभात मला दुखणारं अंग घेऊन बसायचं नाही. त्यावरून त्याला किती झोडपलं! तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेला, दोन वर्षांच्या मुलाचा बाप होता तो. मी जिना उतरताना अजूनही दुखरा पाय आधी टाकते. चढताना चांगला, उतरताना दुखरा, असं फिजिओ ताईंनी शिकवलं होतं ते अंगात बसलंय. माझी लेक परवा माझ्यामागून तश्शीच उतरत होती. त्या दिवसापासून रोझचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मधेच उठून ३१ ऑक्टोबर २०१८चा व्हिडिओ परत पाहून आले. त्याच्या आदल्या हंगामात तर खेळायचं की सोडायचं हे ठरवायला तो संघापासून दूर निघून गेला होता. युटाने घेऊन लगेच सोडून दिलं होतं. आणि त्या रात्री मिनेसोटाकडून, त्याच थिबोडोंच्या हाताखाली, त्याच युटाविरुद्ध ५० गुण. त्याच्या आयुष्यातले सर्वांत जास्त. १२८-१२५ने जिंकले, शेवटचा शॉटही त्यानेच अडवला. प्रेक्षक "एमव्हीपी, एमव्हीपी" ओरडतायत आणि तो जर्सीत तोंड लपवून रडतोय. सगळा संघ त्याच्या अंगावर. मी पुन्हा रडले.

आता तुझ्यासाठी, कारण तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी माझा चेंडू लांब गेला तेव्हा तू धावत जाऊन तो आणलास, माझ्या हातात दिलास आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "सावकाश." बाकी सगळ्या खाली बघत उभ्या होत्या. त्यानंतर मला डाव्या पायावरून उडी मारायला आणखी पाच महिने लागले. मारली तेव्हा तू तिथे नव्हतीस, आणि तुला सांगायचं राहूनच गेलं.

आठातला एक चेहरा तुझा आहे. काढ ना तो.